जुना रायझन 3: ओव्हरक्लॉक करायचा की बदलायचा?

पीसीमध्ये रायझन 3 2200जी आहे आणि गेम अडकतात? 'ओव्हरक्लॉक कर' असा सल्ला लगेच मिळतो. आधी हिशोब बघा. क्लॉक 3.5 वरून 3.9 गिगाहर्ट्झ केला तर वेग फार तर 11 टक्के वाढतो. त्यासाठी व्होल्टेज 1.2 वरून 1.35 करावं लागलं, तर उष्णता साधारण 40 टक्के वाढते, कारण व्होल्टेजचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात होतो. आणि मदरबोर्ड ए320 असेल तर विषयच संपला; ओव्हरक्लॉकिंगला बी350 किंवा बी450 लागतो.

त्यापेक्षा प्रोसेसरच बदला. रायझन 5 5600 ला सॉकेट तोच, एएम4. पण 4 ऐवजी 6 कोअर आणि 12 थ्रेड. मात्र दोन गोष्टी सांभाळा. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा. मध्येच लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून यूपीएस हवाच. दुसरं, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर 5600जी घ्या. 2200जी मध्ये ग्राफिक्स आहे, साध्या 5600 मध्ये नाही. स्क्रीन काळीच राहील.

तुमच्या बोर्डाची सपोर्ट लिस्ट कंपनीच्या साइटवर तपासा, मगच पैसे द्या.