समजून घ्या : खरा स्फटिक की नुसतीच काच? घरच्या घरी दगड कसा ओळखाल?

अजिंठा लेणी पाहायला गेलं, की चमकदार दगड विकणारे हमखास भेटतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत ही खनिजं तयार झाली. पण ‘स्फटिक’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक दगड स्फटिकच असतो का? रंगावरून ते ठरत नाही. एकाच खनिजाचे अनेक रंग असू शकतात आणि दगड रंगवताही येतो. मग पाहायचं काय?

काठिण्य : जर्मन शास्त्रज्ञ फ्रेडरिक मोह्स यांनी १८१२ मध्ये १ ते १० अशी मोजपट्टी तयार केली. त्यात नखाचं काठिण्य साधारण २.५, तर काचेचं ५.५ आहे. जिप्सम (२) नखानेही ओरखडतं. स्फटिक, म्हणजेच क्वार्ट्झ (७), काचेवर सहज चरा पाडतो. कॅल्साइट (३) आणि स्टिल्बाइट (३.५ ते ४) यांना ते जमत नाही.

कस : टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर खनिज घासा. गोवा, सिंधुदुर्गात आढळणारं हेमेटाइट काळं दिसलं, तरी रेघ तांबूस उमटते. ‘मूर्खांचं सोनं’ म्हणून ओळखलं जाणारं पायराइट पिवळं चमकतं, पण त्याची रेघ हिरवट काळी असते. सोन्याची रेघ मात्र पिवळीच. सराफाची कसोटीही याच गुणधर्मावर चालते.

फुटण्याची पद्धत : कॅल्साइट फुटलं की तिरप्या ठोकळ्यांसारखे गुळगुळीत तुकडे होतात. क्वार्ट्झ मात्र काचेसारखा वेडावाकडा फुटतो.

आम्ल : कॅल्साइटच्या भुकटीवर व्हिनेगर टाकलं, तर फेस येतो. क्वार्ट्झवर काहीच होत नाही.

काच कशी ओळखाल? भिंगातून आत गोल बुडबुडे दिसले, तर ती काच असण्याची शक्यता जास्त.

हे लक्षात ठेवा : एकाच चाचणीवरून निष्कर्ष काढू नका, दोन-तीन करून पाहा. विकत घ्यायच्या दगडावर विक्रेत्याला विचारल्याशिवाय चरे पाडू नका. पैलू पाडलेलं रत्न तर घरी घासूच नका, ते रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत द्या. आणि महागड्या दगडाचं बिल घ्यायला विसरू नका. बिलावर खनिजाचं नाव लिहून द्यायला विक्रेता तयार नसेल, तर खरेदी टाळलेलीच बरी.