न चिरण्याचे व्रत आणि नागगतीचे यंत्र

श्रावण शुद्ध पंचमी. आज घरोघर पाटावर चंदनाने नाग रेखाटला जाईल, दूध-लाह्यांचा नैवेद्य होईल, पुरणाची दिंडे उकडली जातील आणि विळीला विश्रांती मिळेल. चिरू नये, भाजू नये, जमीन खणू नये, हा या दिवसाचा दंडक. नांगराच्या फाळाखाली नागाची पिल्ले मेल्याची कहाणी आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. पाते चालविण्यापूर्वी त्याखाली कोणाचा जीव आहे याचे भान ठेवावे, हेच तिचे सार.

हे भान शल्यशास्त्रालाही उत्तरोत्तर येत गेले. एवढ्याशा पित्ताशयासाठी एके काळी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी लहान छिद्रांतून दुर्बीण घालून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. परंतु ती हत्यारे ताठ, आणि देहाच्या वाटा वळणावळणाच्या. जिभेच्या मुळाशी गाठ असली, तर तेथवर पोहोचण्यासाठी कित्येकदा खालचा जबडाच दुभंगावा लागे.

शके ९८२ चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवालय आठवावे. उल्हासनगर-बदलापूरचे भाविक श्रावणी सोमवारी तेथे येतात आणि मंडपातून पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात जातात. देवदर्शनासाठी कोणी भिंत फोडीत नाही; असलेल्या वाटेनेच उतरावे लागते. देहमंदिरातही अशीच वाट शोधता येईल काय?

वाट दाखविली ती नागाच्या चालीने. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात हाऊई चोसेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्पाकृती यंत्र सिद्ध केले. लहान लहान कड्यांच्या दोन साखळ्या, एक दुसरीच्या पोटात. एक ताठ राहते, तेव्हा दुसरी सैल होऊन तिच्या आधाराने कडीभर पुढे सरते. मग ही ताठ होते आणि मागची सैल होऊन हिला येऊन मिळते. तोंड ज्या वाटेने वळले, त्याच वाटेने सारे अंग जाते. आजूबाजूला धक्का लागत नाही. या संशोधनातून घडलेल्या यंत्राला तोंडावाटे घशातील शस्त्रक्रियेसाठी २०१५ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये, श्वासनलिकेतून फुप्फुसात खोलवर शिरून गाठीचा तुकडा तपासणीस आणणाऱ्या लवचिक यंत्रनळ्यांनाही तेथे मान्यता लाभली.

या नागाला स्वतःची बुद्धी नाही. त्याला चालविणारा हात शल्यविशारदाचाच. तो प्रत्येक रुग्णाच्या कामी येतो असेही नव्हे. गाठ फार वाढली, तर मोठा छेद अटळ ठरतो. म्हणूनच उशीर हा खरा वैरी. तंबाखूच्या व्यसनाने घरातील कोणाच्या तोंडात न भरणारा व्रण असेल, आवाज आठवडेच्या आठवडे बसला असेल, गिळताना दुखत असेल, तर कापाकापीच्या भयाने दुखणे अंगावर काढू नये. वेळीच वैद्याला दाखवावे.

उद्या विळी पुन्हा हाती येईलच. कापणे हे पाप नव्हे. अकारण कापू नये, एवढेच हे व्रत सांगते. आज पाटावरील नागाला हळदकुंकू वाहताना सर्वांच्या आरोग्याचे मागणे मागावे.