तीनशे पासिंगचा गडी

चामड्याचं अंगचिलखत 26, लोखंडी 25. ‘स्कायरिम’ या खेळातले हे आकडे वाचून छापण्यात काहीतरी घोळ झालाय असं कुणालाही वाटावं. घोळ वगैरे काही नाही, खेळ बनवणाऱ्यांनीच तसं ठरवलंय. वजनाच्या रकान्यात तर आणखी गंमत आहे: लोखंडी 30, चामड्याचं 6. म्हणजे पाचपट ओझं वाहायचं आणि वर संरक्षण एका आकड्याने कमीच. मग लोखंड घालतं कोण? सुरुवातीला जवळजवळ सगळेच. वाटेत जे दरोडेखोर मरतात, त्यांच्या अंगावर लोखंड असतं नाहीतर कच्चं कातडं. कमावलेलं चामडं हवं असेल तर शोधावं लागतं, विकत घ्यावं लागतं किंवा स्वतः शिवावं लागतं. नवा गडी मिळेल ते चढवतो आणि पुढे निघतो.

हे सगळं मी बघतो ते भिवंडीत, भाच्याच्या खांद्यावरून. बहिणीचं घर धामणकर नाक्याच्या बाजूला, जुन्या इमारतीत. खालच्या गाळ्यात लूम चालतात, त्यामुळे खेळातल्या तलवारींचा खणखणाट ऐकायचा तर हेडफोन लागतोच. भाचा मानकोलीकडच्या एका गोडाऊनमध्ये कामाला आहे. आधी पिकर होता, आता डॉकवर माल चढवून घेतो. रात्रपाळी संपवून येतो, झोपतो, उठला की लॅपटॉप उघडतो. लॅपटॉप जुना, कुणाकडून तरी घेतलेला. त्यावर नवे खेळ चालत नाहीत. ‘स्कायरिम’ 11 नोव्हेंबर 2011 ला आला, म्हणून निमूट चालतो. त्याचे मित्र ‘एल्डन रिंग’ खेळतात आणि याला म्हातारा म्हणतात.

या खेळात हलकं चिलखत घ्यायचं की जड, यावर खेळणाऱ्यांची भांडणं होतात. एक पक्ष म्हणतो हलकं घ्या, पळा, चुकवा, अंधारातून बाण मारा. दुसरा म्हणतो जड घ्या, पाय रोवून उभे राहा. भाच्याला यातल्या कुठल्याच बाजूचं कौतुक नाही. त्याने पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट सांगितली होती: “मामा, गडी किती पासिंगचा आहे ते आधी बघ ना.”

पासिंग म्हणजे गाडीला मुभा असलेलं ओझं. गडी तीनशेचा. सुरुवातीला प्रत्येकाला 300 वजन उचलायची मुभा असते. लेव्हल वाढल्यावर दमसासात 10 घातले की उचल 5 ने वाढते, पण ते 10 मग प्राणांत किंवा जादूत घालता येत नाहीत. तीनशेच्या वर एक दाणा जरी गेला तरी गड्याला धावता येत नाही आणि नकाशावर बोट ठेवून एका क्षणात गावी पोहोचायची सोयही बंद होते. एक एक पाऊल टाकत चालायचं. रात्री अंजूरफाट्याहून जाणारा डाला चढावर जसा कण्हत असतो, तसा तो दिसतो. या तीनशेत शस्त्रं आली, औषधं आली, लूट आली आणि अंगावरचं चिलखतही आलं. लोखंडाचा पूर्ण संच, म्हणजे अंगचिलखत, शिरस्त्राण, हातमोजे, बूट, मिळून 46. चामड्याचा 12. पोलादाचा 52. भाच्याच्या लेखी हलकं-जड हा प्रश्न एवढाच: गाडीचं स्वतःचं वजन किती आणि मालासाठी किती उरलं.

ब्लीक फॉल्स बॅरो नावाचं एक थडगं आहे. नवखे खेळाडू बहुतेक आधी तिथेच जातात. आत कोळी, सापळे आणि शेवटी झोपेतून उठणारी मढी. त्या मढ्यांच्या हातात जुन्या काळच्या दोन हातांनी पेलायच्या तलवारी असतात. एकेकीचं वजन 18, किंमत 35. भाच्याने लोखंडी संच घातला होता. थडग्याच्या तळाशी पोहोचेपर्यंत गडी भरत आला होता. मग त्याने यादी उघडली आणि पंधरा-वीस मिनिटं लढाई नाही, काही नाही, नुसता हिशोब. किमतीला वजनाने भागायचं. तलवार पडली दोनच्या आत. “हिला कोण उचलणार? भाडंसुद्धा निघणार नाही.” तलवार जमिनीवर. रत्नं ठेवली, त्यांना जवळजवळ वजनच नाही. औषधाच्या बाटल्या अर्ध्या-अर्ध्या वजनाच्या, त्यातल्या कुचकामी तिथेच पिऊन टाकल्या. एक लोखंडी तलवार 9 वजनाची, किंमत 25, ती बराच वेळ खाली-वर होत राहिली. शेवटी राहिली. चामड्याचा संच असता तर 34 वजन मोकळं झालं असतं, म्हणजे अशा तीन तलवारी आरामात. हे त्याने बोलून दाखवलं नाही. पण संध्याकाळी रिव्हरवुडच्या दुकानात लूट विकून झाल्यावर तो कमावलेल्या चामड्याचे तुकडे घ्यायला लागला, तेव्हा मला कळलं.

वजनाच्या बाबतीत पळवाटा आहेत, आणि त्या त्याला पाठ आहेत. घोड्यावर बसलं की ओव्हरलोड असतानाही नकाशावरून गाव गाठता येतं, पायी मात्र नाही. व्हाइटरनचा सरदार खूश झाला की लिडिया नावाची बाई दिमतीला देतो. ती स्वतः पोलादी चिलखत घालून लढते आणि वर तुमचं सामानही वाहते, मोबदला मात्र मागत नाही. भाच्याच्या मते खेळातली सगळ्यात अशक्य गोष्ट ड्रॅगन नव्हे, ही आहे.

तरी चिलखत म्हणजे नुसतं वजन नाही. त्याची दुसरी अट मला जास्त आवडली. या खेळात चिलखतातलं कौशल्य वाढतं ते मार खाऊन. तलवार चालवायला शिकायची तर तलवार चालवावी लागते, चिलखत वापरायला शिकायचं तर घाव अंगावर घ्यावे लागतात. म्हणून तो एकदा नदीकाठी गेला, एक खेकडा शोधला आणि त्याच्यासमोर गड्याला उभं करून चहा प्यायला बसला. खेकडा टोचतोय, गडी हूं की चूं करत नाही, आणि मधूनच कोपऱ्यात अक्षरं येतात की हलक्या चिलखतात एक पायरी वर गेलात. बहीण आतून येऊन म्हणाली, “अरे तो मारतोय तुला!” तो म्हणाला, “मारू दे गं, ट्रेनिंग चालू आहे.” खेकडा लहान असल्याने हे परवडतं. मोठ्या अस्वलासमोर हाच उद्योग केला तर ट्रेनिंग लवकर आटोपतं.

इथेच खरा पेच आहे. घाव ज्या प्रकारच्या चिलखतावर बसेल, त्याच प्रकारचं कौशल्य वाढतं. डोक्यावर लोखंड आणि अंगात चामडं अशी खिचडी केली की दोन्ही अर्धवट राहतात. वर ‘पर्क’ नावाच्या सवलती असतात. तिसाव्या पायरीला अंगावरचं सगळं एकाच जातीचं असेल तर 25 टक्के जादा संरक्षण मिळतं, मग तर मिसळण्यात काही अर्थच नाही. हलक्या बाजूला पन्नासाव्या पायरीला चिलखताचं वजन शून्य धरलं जातं. जड बाजूला तीच सवलत सत्तराव्या पायरीला आहे. आणि संरक्षणाला कमाल मर्यादा आहे: घावाचं नुकसान जास्तीत जास्त 80 टक्के कमी होतं, त्यापुढे कितीही पोलाद लादा. ढाल नसेल आणि चारही नग अंगावर असतील तर ती मर्यादा 567 या आकड्याला गाठली जाते. लोहारकाम चांगलं शिकलेला माणूस हलक्या चिलखतातही तिथे पोहोचतो. थोडक्यात, शेवटच्या टप्प्यावर जड चिलखत जड राहत नाही आणि हलकं कच्चं राहत नाही. एकाच ड्रॅगनच्या हाडांचं जड चिलखत होतं आणि खवल्यांचं हलकं. खेळणारे तक्ते काढून या शेवटच्या चिलखतांवरच वाद घालत बसतात. माझ्या मते तो वाद फुकट आहे. निवड करायची असते ती मधल्या लांबलचक टप्प्यासाठी, जेव्हा लोखंडाचं वजन खरोखर अंगावर असतं आणि चामडं खरोखर कमी पडतं. आणि ड्रॅगन तोंडातून आग ओकतो तेव्हा दोन्हीही कामाची नाहीत. चिलखताचा आकडा फक्त घावांना अडवतो, जादू आणि आग त्याला जुमानत नाहीत.

खरा सैनिक असा एका जातीच्या चिलखताला बांधलेला नव्हता. अकबरनाम्यात 1573 च्या गुजरात मोहिमेचा एक प्रसंग आहे. अकबर फत्तेपूर सिक्रीहून अहमदाबादेवर धावून गेला होता. लढाईच्या तोंडावर त्याच्या लक्षात आलं की रूपसी या सरदाराचा मुलगा जयमल फारच जड चिलखत घालून आलाय. बादशहाने आपल्याकडचं हलकं चिलखत त्याला दिलं आणि जयमलचं काढलेलं चिलखत एका राठोड तरुणाला दिलं, त्याच्याकडे काहीच नव्हतं. राठोडांशी रूपसीचं वैर. आपलं चिलखत वैऱ्याच्या अंगावर गेलं म्हणून त्याने ते परत मागितलं, मग रागाने स्वतःचंही उतरवलं. तेव्हा अकबरही आपलं चिलखत उतरवू लागला: माझी माणसं उघड्या अंगाने लढणार असतील तर मीही तसाच लढेन. शेवटी भगवंतदास या सरदाराने रूपसीने भांग घेतलीय असं सांगून प्रकरण मिटवलं. युद्ध इतकं जवळ आलेलं असताना कोण काय घालणार यावर एवढं रामायण. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे त्यांच्याकडे पर्क नव्हते. कधीही बदलता येत होतं.” बरोबर आहे.

आपल्याकडेही दिवस बघूनच पोशाख ठरत असे. सामान्य बारगीर-शिलेदाराच्या अंगावर रोज पोलाद नसायचं. लांब पल्ल्याची दौड मारायची, लूट घोड्यावर लादून परतायचं, तर अंगावर किती घ्यायचं याला मर्यादा होती. पण 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटायला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याआड चिलखत घातलं होतं आणि मंदिलाखाली लोखंडी टोप. तिथे दौड नव्हती, दगा झालाच तर घाव हातभर अंतरावरून येणार होता. खानाची कट्यार चिलखताने अडवली.

खेळ बनवणाऱ्यांवर माझा एक राग आहे, तो भिवंडीचा आहे म्हणा. कापसाचे थर शिवून केलेली जाड बंडी हे जगभरच्या शिपायांचं खरंखुरं चिलखत होतं, हिंदुस्थानातही आणि युरोपातही, कधी एकटं तर कधी जाळीदार चिलखताच्या आत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागदी खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मात्र या बंडीचा आकडा 11, म्हणजे चामड्याइतकाच, आणि वर ती घालून दबक्या पावलाने चालायला जावं तर आवाज होतो म्हणून दंड. चामड्याला तो दंड नाही. कापसाचा आवाज होतो! जिथे घराघरात कापूस नाकात जातो तिथे बसून हा नियम वाचावा. त्याच खेळात पूर्ण पोलादी चिलखताचा आकडा 18, वजन 65 पौंड, किंमत दीड हजार मोहरा, आणि ते चढवायला 10 मिनिटं लागतात. हलकं एका मिनिटात होतं. या 10 मिनिटांचा नियम मला पटतो. रात्री तळावर हल्ला झाला की जडवाला अजून बंद आवळतोय आणि हलकावाला लढायला उभा.

‘एल्डन रिंग’वाल्या मित्रांचा हिशोब वेगळा आहे. तिथे वजन टक्क्यांत मोजतात. अंगावरचं वजन क्षमतेच्या 70 टक्क्यांच्या आत असेल तर घाव चुकवायला चपळ कोलांटी मारता येते, त्यापुढे गेलं की कोलांटी जडशीळ. म्हणून ते 69 वर अडकून बसलेले असतात. एका हेल्मेटवरून कोण मेला आणि का, यावर त्यांचा फोन तासभर चालतो.

भाच्याने अखेर काय ठरवलं? जड. मला वाटलं होतं तो चामड्याला चिकटेल. त्याने कारण सांगितलं ते असं: “दिवसभर ट्रॉली घेऊन मीच पळतो. घरी आल्यावर पण पळायचं? हा उभा राहील, लोक येऊन आपटतील.” वजनाचा तिढा सुटला तो सॉलिट्यूडच्या वायव्येला असलेल्या स्टीड स्टोन नावाच्या शिळेने. तिला हात लावला की उचल 100 ने वाढते आणि अंगावरच्या चिलखताचं वजन हिशोबात धरत नाहीत. मग सत्तराव्या पायरीची वाट कशाला बघायची. पण शिळेचा आशीर्वाद एका वेळी एकच. त्यासाठी लॉर्ड स्टोन सोडावी लागते. ती चिलखताला 50 जोडून देते आणि जादूचा मार 25 टक्के कमी करते, म्हणजे ड्रॅगनच्या आगीपुढे तेवढाच आधार. म्हटलं, आता ड्रॅगन आला की भाजून निघशील. तो म्हणाला, “येऊ दे. त्याची हाडं पंधरा-पंधरा वजनाची असतात, खवले दहा-दहा. उचलायची कुणी? आणि पाचशेला एक जातं हाड.”