वावरातून दिसणारं जग

‘पॉलिटिकल सायन्स घेऊन काय पुढारी होतं काय बाप्पा?’ अमरावती-अकोल्यात बीएला ॲडमिशन घेतली, की हा प्रश्न ठरलेलाच. त्यात ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ म्हटलं, की समोरचा गप्पच! पण दोस्तांनो, हा विषय आपल्या वावरातच आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस अडला, तशी मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले, १८६५ ला युद्ध संपलं आणि ते कोसळले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, त्याच महिन्यात केंद्राने बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के शुल्क काही काळासाठी उठवलं. तुमच्या घरच्या कापसाच्या भावाचा निर्णय कुठे आणि का होतो, हे हा विषय शिकवतो.

पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरा-ऑक्सफर्डला शिकले. त्यांच्या भारत कृषक समाजाने १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर आले होते!

एक मात्र लक्षात ठेवा. परराष्ट्र सेवेसाठी यूपीएससीला कुठलीही पदवी चालते. केवळ त्यासाठी हा विषय घेऊ नका. आवड असेल तर बीएला राज्यशास्त्रासोबत अर्थशास्त्र घ्या. जेएनयूत एमए करायचं तर सीयूईटी-पीजी द्यावी लागते. एखादी परदेशी भाषा आत्तापासूनच शिका. आणि पेपरचं विदेश पान वाचताना बाजार समितीचे भावही बघत जा.