मेजवानीचा पोशाख

मार्गशीर्षांतील एका सायंकाळीं आमचा पुतण्या निमंत्रण घेऊन आला. कचेरीच्या मेजवानीस 'बिझनेस कॅज्युअल' पोशाखानें यावें, असें त्यांत लिहिलें होतें. नोकरी नवी; वेष चुकला तर हंसें होईल या धास्तीनें पहिल्या पगाराचा निम्मा भाग सुटावर घालण्यास स्वारी निघाली होती!

आम्हीं त्यास थांबविलें. या शब्दांचा अर्थ इतकाच कीं, टायची सक्ती नाहीं. पण जीन्स व खेळाचे बूटही शोभत नाहींत. गडद निळा लोकरी कोट, राखी विजार, फिकट रंगाचा कॉलरचा सदरा व कातडी बूट एवढ्यानें काम भागतें. मोजे विजारीच्या रंगाचे असावेत. कोटाचें सर्वांत खालचें बटण मोकळें ठेवतात. हा प्रघात सातव्या एडवर्ड बादशहानें पाडला म्हणतात. पोट सुटलेल्यांस तो सोयीचा आहे खरा!

पुण्यांत डिसेंबरची रात्र दहा-बारा अंशांपर्यंत उतरते, पण आंतील दालन माणसांनीं तापतें. म्हणून एका जाड स्वेटरापेक्षां दोन पातळ थर बरे. वरचा काढून ठेवतां येतो. ऊब असते ती थरांत कोंडलेल्या हवेची.

अखेरीस आमच्या पेटींतील बंद गळ्याचा कोट निघाला. डांबराच्या गोळ्यांचा वास जाण्यास दोन दिवस ऊन द्यावें लागलें. शिंप्यानें बाह्या अर्धा इंच सोडल्या. टोपीचा आग्रह आम्हीं धरला नाहीं.

रात्रीं परतल्यावर त्यानें कोट स्वतः झटकून खुंटीस लावला आणि म्हणाला, "काका, हा मजकडेच राहूं द्या."