दोन्ही बाजूंनी चकचकीत : कार्बन फायबरची सपाट शीट अशी बनते

बॅडमिंटनची रॅकेट, सायकलची चौकट, कॅमेऱ्याचा स्टँड, ड्रोनचा सांगाडा... कार्बन फायबर आता फक्त विमानांपुरते राहिलेले नाही. घरात अभियांत्रिकीला जाणारे कोणी असेल, तर ‘प्रोजेक्टसाठी कार्बन फायबरची शीट हवी आहे’ हे वाक्य तुम्ही ऐकलेच असेल. तयार शीटची किंमत कळली की पुढचे वाक्य येते, ‘मग घरीच बनवू या.’

घरी बनवता येते. पण त्याआधी दोन गोष्टी समजून घ्या. एक बाजू गुळगुळीत करणे सोपे आहे, दोन्ही बाजू गुळगुळीत करणे हे खरे कौशल्य आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, या कामातले रेझिन आणि धूळ हलक्यात घेण्यासारखी नाही.

हे असते तरी काय?

१८७९ साली एडिसनने दिव्याच्या तारेसाठी सुती धागा जाळून त्याचा कोळसा केला होता. आजचे कार्बन फायबर त्याच कल्पनेचे पुढचे रूप म्हणता येईल. १९५८ मध्ये अमेरिकेत रॉजर बेकन या शास्त्रज्ञाने अतिशय मजबूत कार्बन तंतू तयार केले. १९८१ मध्ये मॅकलॅरेनने फॉर्म्युला वन शर्यतीत कार्बन फायबरची मुख्य चौकट असलेली गाडी उतरवली आणि या पदार्थाचे नाव घरोघरी पोहोचू लागले.

एक तंतू साधारण ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या सुमारे दहाव्या भागाइतका असतो. असे ३,००० तंतू एकत्र केले की एक पेड तयार होतो. त्याला ‘थ्री-के’ म्हणतात. असे पेड विणून कापड बनते. हे कापड हातात घेतले तर साडीसारखे लवचीक लागते. त्यात इपॉक्सी रेझिन मुरून कडक झाले की त्याची शीट होते.

३० बाय ३० सेंटिमीटरचा २ मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा सुमारे १ किलो ४०० ग्रॅम भरतो, अ‍ॅल्युमिनियमचा ४८५ ग्रॅम, तर कार्बन फायबरची तेवढीच शीट जेमतेम २७० ग्रॅम!

दुसरी बाजू खडबडीत का राहते?

रेझिन ज्या पृष्ठभागावर सुकते, त्याची हुबेहूब नक्कल करते. काचेवर कापड ठेवून रेझिन लावले की काचेकडची बाजू आरशासारखी येते. वरची बाजू मात्र उघडी असते. तिथे विणीचे उंचवटे, ब्रशच्या खुणा आणि कुठे जास्त कुठे कमी रेझिन राहते. व्हॅक्यूमच्या पिशवीत बनवले तरी वरच्या बाजूला पिशवीच्या सुरकुत्या आणि जाळीदार कापडाचा ठसा उमटतो.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. जाडी सगळीकडे सारखी नसेल तर स्क्रू नीट बसत नाही, भाग एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत आणि ड्रोनचे चारही हात एका पातळीत येत नाहीत. खडबडीत बाजू घासून सपाट करायला गेलात तर वरचे तंतूच कापले जातात आणि शीट कमजोर होते. म्हणून दोन्ही बाजू सुरुवातीपासूनच सपाट हव्यात.

दोन काचांची पद्धत

लहान शीटसाठी ही सर्वांत सोपी पद्धत आहे. सामान असे घ्या : १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या, कडा घासलेल्या दोन काचा, मोल्ड रिलीज वॅक्स, २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचे कार्बन कापड, सावकाश सुकणारे हार्डनर असलेले इपॉक्सी, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, प्लायवूडचे दोन तुकडे आणि क्लॅम्प.

१. काच स्वच्छ पुसून त्यावर वॅक्सचे ५ ते ६ हात द्या. प्रत्येक हात सुकल्यावर मऊ कापडाने चमकवा. एखादी जागा सुटली तर शीट काचेला कायमची चिकटते.

२. दोन्ही काचांवर इपॉक्सीचा पातळ थर ब्रशने लावा आणि तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, इतका सुकू द्या. अर्थात हातमोजे घालूनच तपासा. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे टाळण्याचा हाच मुख्य उपाय आहे.

३. ३० बाय ३० सेंटिमीटरचे ८ तुकडे कापा. त्यांचे वजन साधारण १४४ ग्रॅम भरेल. ‘जेवढे कापड तेवढे मिश्रण’ हा हाताने करायच्या कामाचा सोपा हिशोब लक्षात ठेवा. रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण डब्यावर लिहिले असेल तेच घ्या, अंदाजाने ओतू नका. ‘लवकर सुकावे’ म्हणून हार्डनर वाढवले तर शीट कायमची मऊ किंवा ठिसूळ राहते.

४. एका काचेवर थोडे रेझिन ओता, त्यावर कापड ठेवा आणि रेझिन खालून वर चढू द्या. असेच एकेक थर लावा. कापडाच्या वर रेझिन ओतून दाबले तर हवा आत अडकते.

५. कडेला कापडाबाहेर २ ते सव्वादोन मिलिमीटर जाडीच्या, वॅक्स लावलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठेवा. त्यांच्यामुळे जाडी सारखी राहते. जास्तीचे रेझिन बाहेर यायला मधे फटी ठेवा.

६. आता दुसरी काच. मोबाइलवर स्क्रीनगार्ड कसा लावता? एक कड टेकवून हळूहळू खाली आणता, म्हणजे हवा पुढे सरकत बाहेर जाते. इथेही तसेच करा. मग वरखाली प्लायवूड ठेवून क्लॅम्प समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. एकच कोपरा आवळला तर काच तडकेल.

७. किमान २४ तास हात लावू नका. नंतर प्लॅस्टिकची पाचर कडेने हळूच सरकवून काच सोडवा.

शीट वाकडी का होते?

काचेतून काढल्यावर सपाट असलेली शीट काही दिवसांनी पापडासारखी वळते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कारण थरांच्या दिशेत असते. सुकताना रेझिन आकसते, तंतू मात्र त्यांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाहीत. म्हणून थर मध्यापासून वर आणि खाली सारखेच हवेत, आरशातल्या प्रतिबिंबासारखे. आठ थर असतील तर पहिला सरळ, दुसरा ४५ अंशांत, तिसरा सरळ, चौथा ४५ अंशांत आणि पुढचे चार बरोबर उलट क्रमाने लावा. सगळे थर सरळ लावले तरी शीट सपाट राहते, पण पिळल्यावर लवकर वाकते.

मोठी शीट हवी असेल तर

आकार वाढला की दोन काचांमधून हवा बाहेर काढणे कठीण होते. तिथे व्हॅक्यूम पंप कामी येतो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. म्हणजे ३० बाय ३० सेंटिमीटरच्या शीटवर पिशवीतली हवा काढताच जवळपास ९०० किलोचा भार सारखा पसरतो!

या पद्धतीत दोन्ही बाजू गुळगुळीत करण्याची एक साधी युक्ती आहे. अर्ध्या जाडीच्या दोन शीट वेगवेगळ्या बनवायच्या आणि त्यांच्या खडबडीत पाठी इपॉक्सीने एकमेकींना चिकटवायच्या. खडबडीतपणा आत जातो आणि तोच चिकटायला मदत करतो. थरही आपोआप आरशासारखे जुळतात. कारखान्यात मात्र आधीच रेझिन मुरवलेले, थंड कपाटात साठवलेले कापड पॉलिश केलेल्या पोलादी पाट्यांमध्ये ठेवून उष्णता आणि दाब देतात.

घरच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचे

हे काम स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत करू नका. हवेशीर गच्ची किंवा गॅरेज निवडा. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना लांब ठेवा.

• इपॉक्सी वारंवार त्वचेला लागले तर अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला. हाताला लागलेच तर साबण-पाण्याने धुवा, थिनर किंवा अ‍ॅसिटोनने नाही. त्याने त्वचेचे नैसर्गिक तेल निघून जाते आणि त्रास वाढतो.

• सगळे मिश्रण एका खोल भांड्यात करून ठेवू नका. ते स्वतःच्या उष्णतेने तापते, धुरावू शकते. थोडे थोडे, पसरट भांड्यात करा. उरलेले रेझिन पूर्ण कडक झाल्यावरच कचऱ्यात टाका.

• कापताना उठणारी धूळ डोळ्यांना, घशाला आणि त्वचेला टोचते. एन-९५ मास्क आणि चश्मा वापरा, डायमंडची चकती वापरून पाणी लावत कापा. कामाचे कपडे बाळाच्या कपड्यांबरोबर धुवू नका.

• ही धूळ विजेची वाहक असते. कॉम्प्युटर किंवा चार्जरजवळ कापले तर शॉर्टसर्किट होऊ शकते.

• पावसाळ्यातली दमट हवा इपॉक्सीवर चिकट, पांढुरका थर आणते. कोरडा दिवस निवडा.

विकत घेताना फसू नका

हिशोब केला तर एकाच शीटसाठी काच, वॅक्स, पूर्ण डबाभर रेझिन असे सगळे आणणे अनेकदा तयार शीटपेक्षा महाग पडते. चार-पाच शीट लागणार असतील किंवा शिकणे हाच उद्देश असेल, तरच घरी बनवण्यात अर्थ आहे.

विकत घेताना कापलेली कड नीट पाहा. आत पांढरट-हिरवट थर दिसले तर मधे काचतंतू भरलेले आहेत. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना कडेवर टेकवा. कार्बनमधून वीज वाहते, नुसती कार्बनची नक्षी छापलेल्या शीटमधून नाही. आणि ड्रोनसाठी घेत असाल तर जीपीएसचा अँटेना शीटखाली झाकू नका, कार्बन रेडिओ लहरी अडवतो.

मुलांनी हट्ट धरलाच तर सुरुवात १० बाय १० सेंटिमीटरच्या तुकड्याने करा, आणि मोठ्यांपैकी कोणीतरी शेवटपर्यंत सोबत थांबा. कापडाचे वजन, मिश्रणाचे प्रमाण आणि सुकायला लागलेला वेळ वहीत लिहून ठेवायला सांगा. पहिल्या तुकड्यात चार छिद्रे राहिली तरी दुसऱ्यात ती का राहणार नाहीत, याचे उत्तर त्याच वहीत सापडेल.