माळेगावचा फड आणि लांब पल्ल्याची लेन्स
लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, आखाड्याभोवती माणसांचं कडं. फोटो काढणाऱ्याला पुढे सरकता येत नाही, म्हणून टेलिफोटो झूम हवीच. पण ती घेताना 'किती लांबचं ओढते?' एवढंच विचारलं जातं. माझ्या मते आधी विचारावं, उजेड किती घेते?

७०-२०० एफ २.८ घ्या. २०० ला २.८ नं भागलं की साधारण ७१ मिलिमीटर; प्रकाशाची वाट एवढी रुंद. म्हणूनच पुढची काच वाटीएवढी आणि वजन किलो-दीड किलो. एफ ५.६ ची लेन्स याच्या पाव हिस्साच उजेड घेते. दिवस कललेला, पैलवान ढाक मारतोय, पाय हवेत, तांबडी माती उडालेली. हे टिपायला शटर १/१००० सेकंदाचं लागतं. उजेड पाव झाला की ते १/२५० वर येतं आणि पाय पुसट होतो. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय आपला हात सावरते, पैलवानाचा पाय नव्हे.

लिंबोटी धरणावर पक्षी टिपायला गेलं की गणित बदलतं. पक्षी दूर, पण ऊन भरपूर. तिथे १५०-६०० एफ ६.३ चालून जाते. फक्त कोवळ्या उन्हातच जा. ऊन चढलं की तापल्या काठावरची हवा थरथरते, आणि कितीही महागड्या काचेतून बगळ्याची कड विरघळलेलीच दिसते.